गौतमअण्णांचं अंगण

फोटोग्राफर असूनही गौतमअण्णा कधी कुणाला "जरा जवळ सरका" म्हणत नसत. इतक्या वर्षांत मी ते त्यांच्या तोंडून एकदाच ऐकलं, आणि ते का, हे पुढे सांगते. एरवी घरच्या मंडळींचा फोटो काढायचा म्हटलं की फोटोग्राफर लोकांचं एकच पालुपद असतं, सरका, सरका, खांद्याला खांदा लावा. अण्णा हात मागे बांधून भिंतीपाशी उभे राहायचे आणि माणसं आपली आपण कशी उभी राहतात ते बघायचे. दोन मिनिटं, तीन मिनिटं. लहान मुलं कुरकुरायला लागायची, नवऱ्यामुलाचा मामा घड्याळाकडे बघायचा. मग अण्णा सावकाश कॅमेऱ्यामागे यायचे आणि विचारायचे, "कोण न्हाई?"

कन्नड घर असलं तर "यार इल्ल?" लोकांना वाटायचं, हजेरी चाललीय. काकू आत आहेत, भाऊ स्कूटर लावायला गेलाय. काकू पदराला हात पुसत यायच्या, भाऊ धावत यायचा, सगळे परत रांगेत लागायचे. अण्णा पुन्हा तितकाच वेळ बघायचे आणि पुन्हा तेच, तितक्याच हळू आवाजात विचारायचे. या दुसऱ्या खेपेला कुणी उत्तर द्यायचं नाही. तो क्षण मी पुष्कळ वेळा पाहिलाय आणि दर वेळी मला तिथून निघून जावंसं वाटलंय.

आमचा स्टुडिओ हुबळीत लॅमिंग्टन रोडवर, एका औषधाच्या दुकानाच्या वर. अण्णा फोटो काढायचे, मी ते कॉम्प्युटरवर निवडून आल्बमची पानं लावायचे. शिवाय बायकांच्या निऱ्या सारख्या करायला आणि दिवा धरायला मी त्यांच्याबरोबर जायचे. तिथे आले तेव्हा मला माउस धरता येत नव्हता. शिकायची वेळ आली, कारण त्याच्या आदल्या वर्षी माझे यजमान, विलास, अळणावरला मावसभावाकडे जाऊन येतो म्हणून सकाळी घरातून निघाले आणि परत आले नाहीत. मावसभावाकडे पोचलेही नाहीत. भांडण नाही, कर्ज नाही, दारू नाही. पोलीस स्टेशनात ओळखीची खूण विचारली. मी सांगितलं, कुठेही गेले तरी चपला काढताना टोकं बाहेर करून काढतात आणि डावी चप्पल उजवीवर अर्धी चढवून ठेवतात, निघताना वळायला नको आणि जागाही कमी लागते. हवालदारानं ते लिहून घेतलं नाही. अंगावरची खूण सांगा म्हणाला.

अण्णांनी मला यातलं काही कधी विचारलं नाही. बोलण्यात ते कंजूषच होते. साठीचे, सडपातळ, चष्मा कायम कपाळावर, पांढऱ्या बुशशर्टच्या खिशात शिंप्याची टेप. स्टुडिओतल्या पोरांनी त्यांना टेलरअण्णा नाव ठेवलं होतं, ते त्यांना माहीत होतं आणि आवडतही असावं. कॅमेरा नव्या काळाचा, पण त्याच्यावर लेन्स त्यांची स्वतःची, जुनी, हातानं रिंग फिरवायची, जिच्यावर फुटांचे आकडे कोरलेले. ती लेन्स ते घट्ट झाकणाच्या स्टीलच्या डब्यात ठेवायचे. त्या डब्यात बुटांच्या खोक्यांतून मिळतात तशा ओल शोषणाऱ्या पुड्या भरलेल्या असायच्या. या पुड्यांसाठी ते दाजीबानपेठेतल्या दुकानांतून फिरायचे. नवीन बूट घेणारं गिऱ्हाईक पुडी टाकून देतंय का यावर त्यांचं लक्ष असायचं, आणि या एकाच बाबतीत त्यांना लाज कशी ती नव्हती.

फोकस म्हणजे काय ते त्यांनी मला चहाच्या ग्लासांवर शिकवलं. टेबलावर सात ग्लास एकामागे एक ओळीनं मांडले आणि मला लेन्समधून बघायला लावलं. मधला एक ग्लास लख्ख, पुढचे-मागचे धुरात.

"लेन्सला अंगण असतंय अक्का," ते म्हणाले. "अंगणात जो उभा राहील तो दिसणार. अंगणाबाहेरचा दिसणार न्हाई, मग तो कितीबी मोठा असू दे. हे अंगण पुढं थोडं असतंय, मागं जास्त. म्हणून तीन रांगा असल्या तर पहिल्या रांगेवर फोकस करायचं न्हाई, मधल्या रांगेवर करायचं. न्हाईतर पुढचं अंगण रिकामं पडतंय आणि मागची म्हातारी माणसं धुरात जातात."

मग दुसरी रिंग फिरवली, तशी लेन्सच्या आतली पाकळ्यांची फट बारीक झाली. सातही ग्लास स्पष्ट दिसायला लागले.

"मग असंच का नाही ठेवायचं नेहमी?" मी विचारलं.

"उजेड कमी येतोय की. मग फोटोला वेळ लागतोय. तेवढा वेळ कुणी हलायचं न्हाई. माणसं हलतात, अक्का."

एवढं बोलून त्यांनी ते सात ग्लास उचलून धुऊन ठेवले. मला वाटतं, त्या वर्षातलं ते त्यांचं सगळ्यात लांब भाषण असावं.

दाजीबानपेठेत एका कापडवाल्यांचं दुकान होतं आणि वर घर. बाप, आई, तीन मुलगे, सुना, नातवंडं. ते रांगेत उभे राहिले तेव्हा आई आणि थोरला मुलगा यांच्यामध्ये वीतभर जागा राहिली, माणूस तिरका उभा राहील एवढी. अण्णांनी दुसऱ्यांदा विचारलं, "यार इल्ल?"

"एल्लारू इद्दारल्ल," बाप म्हणाला. सगळे आहेत की.

अण्णा टेप काढून पुढे गेले. एरवी ते टेप कॅमेऱ्यापासून कुणाच्या तरी डोळ्यापर्यंत धरायचे. इथे त्यांनी ती त्या मोकळ्या जागेपर्यंत धरली, बाईच्या खांद्यापेक्षा जराशी वर, आणि नेहमीच्या सवयीनं आकडा मोठ्यानं म्हटला, "साडेदहा." तेवढ्यात आई म्हणाली, "गिरिजा." ती खाली बघूनच म्हणाली. बापाचा चेहरा दगडासारखा झाला. गिरिजा त्यांची मुलगी. ती मेलेली नव्हती, धारवाडला सुखात राहत होती. स्वतःच्या मनानं लग्न केलं म्हणून वीस वर्षं त्या घरात तिचं नाव निघालं नव्हतं.

येताना रिक्षात मी अण्णांना विचारलं, तुम्हाला कसं कळलं? ते म्हणाले, "मला काय कळायचं हाय? ते जागा सोडून उभारले. मी मोजलं." ते ऐकून मला बरं वाटलं. पण दुसऱ्या दिवशी तो फोटो मोठा करून बघताना माझं बरं वाटणं गेलं. जागेच्या एका बाजूला आई आणि दुसऱ्या बाजूला थोरला, दोघांचे खांदे किंचित आत वळलेले होते, मध्ये कुणी असलं म्हणजे वळतात तसे. आणि पुढे उभा असलेला तीनचार वर्षांचा नातू, ज्यानं आत्याला जन्मात पाहिलं नव्हतं, त्याचा एक हात मागे वर केलेला होता आणि बोटं मिटलेली होती. कुणाचं तरी बोट धरल्यासारखी. मी तो फोटो झटकन लहान केला.

पंधरा दिवसांनी बाप एकटाच स्टुडिओत आला. फोटोकडे बराच वेळ बघितल्यावर त्यानं विचारलं, कॉम्प्युटरवर तिला त्या जागेत बसवता येईल का. मी तोंड उघडण्याआधी अण्णा म्हणाले, "तिला बोलवा. परत काढतो."  त्यानं फोटो उचलला आणि निघून गेला.

असे फोटो मी नंतर पुष्कळ पाहिले. खांदे बघायची मला खोडच लागली. जागा मेलेल्यांचीच असते असं नाही, हेही कळलं. दुबईला गेलेला मुलगा, वाटणीवरून तुटलेला भाऊ. अण्णांचं म्हणणं एवढंच, की घरातली माणसं तोंडानं काहीही सांगोत, उभी खरीच राहतात.

आता ते एकदाचं "सरका." धारवाडला मळमड्डीत एक निवृत्त मास्तर होते, त्यांच्या लग्नाला पन्नास वर्षं झाली म्हणून घरचा फोटो होता. सकाळचे अकरा वाजलेले, अंगणात ऊन स्वच्छ. दोन मुलगे, दोन सुना, एक मुलगी, जावई, चार नातवंडं. अण्णांनी विचारलं तेव्हा सगळे हसले. मास्तर म्हणाले, "सगळे हायत बघा, कुणी गेलेलं न्हाई, कुणी रुसलेलं न्हाई." ते खरंच होतं, त्यांच्याकडे बघूनच कळत होतं. आणि दोन मुलग्यांच्या मध्ये जागा होती.

अण्णा तिथेच थबकले. मग पुढे गेले आणि धाकट्याच्या खांद्याला हात लावून म्हणाले, "सरका. जवळ सरका."  मुलगे हसत एकमेकांना चिकटले. अण्णा कॅमेऱ्यापर्यंत येईतो ते पुन्हा होते तसे झाले होते, आणि त्यांना ते कळलंही नव्हतं. अण्णा परत गेले. "सरका." पुन्हा तेच. तिसऱ्या वेळी त्यांनी दोघांचे हात एकमेकांच्या हातात दिले. कॅमेऱ्याला डोळा लावला, बराच वेळ लावून धरला, मग लेन्सवर झाकण बसवलं. "आज उजेड बरोबर न्हाई," ते म्हणाले. "पुढच्या आठवड्यात येतो."

डोळे दिपतील असं ऊन पडलेलं होतं. मास्तरांनी आकाशाकडे बघितलं.  पुढच्या आठवड्यात त्या घरातून बोलावणं आलं नाही. तिथे पुढे काय झालं याची मी चौकशी केली नाही. ती जागा कुणाची ठरली, ते मला कळून घ्यायचं नव्हतं. अजूनही मळमड्डीत काम निघालं तर मी ती गल्ली टाळून जाते.

अण्णांच्या कपाटावर एक फोटो लावलेला होता, पोस्टकार्डाएवढा. रेल्वेच्या क्वार्टरपुढे उभं असलेलं कुटुंब, वडील, काका, पाच मुलं. एकूण एक चेहरा स्पष्ट, मागच्या भिंतीवरचा पोपडासुद्धा. फक्त एका बाईच्या जागी लुगडं आहे आणि लुगड्याच्या वर पुसल्यासारखा एक पांढुरका डाग. ती अण्णांची आई. फोटो निघता निघता आतून कुणीतरी तिला हाक मारली आणि तिनं मान वळवली. दुसरा फोटो काढण्याइतकी ऐपत नव्हती, पुढे तिचं आयुष्यही फार नव्हतं. आईचा तेवढाच एक फोटो.

म्हणून अण्णांचा एक नियम होता आणि तो मोडला की हा शांत माणूस चवताळायचा. रिंगवर हात गेला की कुणी कुणाला हाक मारायची नाही. एकदा ऐन लग्नात नवरीच्या मावशीनं "अगं सुधे" म्हणून हाक मारली, तर अण्णा सगळ्यांसमोर तिला म्हणाले, "बाई, तुमच्यामुळं ती गेली." मावशी रडायला लागली. अण्णांनी माफी मागितली, पण तो शब्द मागे घेतला नाही.

माझ्या मुलीचं, अश्विनीचं लग्न ठरलं तेव्हा विलासना जाऊन नऊ वर्षं झाली होती. पत्रिका छापायला टाकताना दिरांनी विचारलं, दादाच्या नावामागे 'कै.' घालायचं ना? वकिलानंही आधीच सांगितलं होतं, सात वर्षं झाली, आता कोर्टातून लिहून मिळेल. मी हो म्हणणार होते. खरं सांगते, मला हो म्हणायचं होतं. नऊ वर्षं मी दाराच्या प्रत्येक कडीला दचकत होते आणि आता मी दमले होते. सासूबाईंना मी अत्ती म्हणते. अत्ती आतून बाहेर आल्या, पत्रिकेचा मसुदा दिरांच्या हातातून घेतला आणि म्हणाल्या, "माझ्या पोराला कागदावर मारू नका." पत्रिका तशीच छापली गेली. लग्नाला येणारा प्रत्येक जण ती वाचून माझ्या गळ्याकडे बघायचा.

मी मनाशी ठरवलं, पत्रिकेत नाही तर फोटोत. अण्णा विचारतील तेव्हा मी जागा सोडून उभी राहीन. माझ्या उजव्या हाताला. एकदा ते फोटोत आलं की ते झालं. त्यानंतर मी कडीला दचकणार नाही.

लग्न लागलं. जेवणाच्या आधी, भर दुपारी, कार्यालयाच्या हॉलमध्ये आम्ही उभे राहिलो. अत्ती, मी, अश्विनी, जावई, दीर, जाऊ. आमच्या मागे पाच फुटांवर हॉलचं मोठं दार, सताड उघडं. उंबऱ्याशी चपलांचा ढीग. अण्णा भिंतीपाशी हात मागे बांधून उभे राहिले. मी उजवीकडे एक पाऊल जागा सोडली.

"कोण न्हाई?" अण्णांनी विचारलं. विहीणबाई आल्या, जाऊबाईंचा मुलगा आला. अण्णांनी पुन्हा विचारलं, "कोण न्हाई?"

मी तोंड उघडलं होतं. अत्तींनी माझा दंड धरून मला स्वतःकडे ओढलं, एवढ्या जोरानं की बांगडी वाकली. जागा बुजली. "सगळे हायत," त्या म्हणाल्या. "एक जण यायचा हाय."

अण्णांनी डोळा लावला. आम्ही त्यांच्यापासून अकरा फुटांवर होतो, टेप मीच धरली होती थोड्या वेळापूर्वी. रिंग त्यांनी लावून ठेवलेली होती. मी त्यांच्या बोटांकडे बघत होते. बोटं हलली. घाईनं हलली, जी घाई मी त्यांच्या हातात कधी पाहिली नव्हती. आणि सवयीनं आकडा त्यांच्या तोंडून निघाला, "सोळा."

सोळा म्हणजे आमच्या मागचा उंबरा. पण हलायचं नाही हा नियम, आठ वर्षांत अंगात भिनलेला. मी वळले नाही. क्लिक झालं. थोडं थांबून दुसऱ्यांदा झालं, ते नेहमी दोन काढायचे. मी वळले तेव्हा दारात ऊन होतं.

दुसऱ्या दिवशी स्टुडिओत फोटो उघडला. आमच्यापैकी एकाचाही चेहरा धड नव्हता. अश्विनीच्या डोळ्यांतलं काजळ गालावर उतरल्यासारखं, अत्तींचं तोंड म्हणजे नुसता ओला कागद. आणि आमच्या खांद्यांच्या मधून दिसणारं ते रिकामं दार मात्र कातीव, बिजागरीचे स्क्रू मोजावेत इतकं. मी अण्णांना हाक मारली आणि नको ते बोलले. माझ्या एकुलत्या एका पोरीचं लग्न, परत येणार आहे का तो दिवस, आयुष्यभर लोकांची दारं मोजलीत का वगैरे. त्यांना दाखवायचं म्हणून मी दार मोठं करत गेले. उंबरा आला. चपलांचा ढीग आला. ढिगापासून वेगळा, भिंतीला टाच लावून, एक जोड होता. टोकं बाहेर. डावी उजवीवर अर्धी चढवलेली.

मी दुसरा फोटो उघडला. तेच दार, तोच ढीग. भिंतीपाशी जोड नव्हता. फाइलवर वेळ लिहिलेली असते. दोन फोटोंच्या मध्ये सात सेकंद होते.

"कोण होतं?" मी विचारलं.

अण्णांनी चष्मा कपाळावरून काढून हातात घेतला. "उंबऱ्यावर कुणीतरी येऊन उभारलं हुतं. अनवाणी. तोंड न्हाई बघितलं अक्का. लेन्समधून मी तोंड बघत न्हाई, अंतर बघतो."

"हेच होते का?"

"मी त्यांना कधी बघितलंच न्हाई. मला कसं कळणार?"

"मग आमच्यावरचा फोकस का काढलात? अंगण मोठं करता आलं असतं. आम्हीही आलो असतो, तेही आले असते."

"दोन रिंगा फिरवायला लागल्या असत्या," ते म्हणाले. "एकच फिरवायला वेळ हुता. ती फिरवली तवर बाजूला सरकलं."

मग मी विचारलं. खरं तर हे एकच विचारायचं होतं. "हाक का नाही मारलीत?"

 कपाटावरच्या फोटोकडे त्यांनी बघितलं नाही, पण मला कळलं. मी म्हटलं, "तुम्ही हाक मारली असती तर मी वळले असते. ते वळले असते. तुमच्या आईच्या एका फोटोसाठी तुम्ही माझ्या माणसाला जाऊ दिलंत." तेवढं बोलून मी घरी निघून आले.

मी कार्यालयात जाऊन विचारलं. व्हिडिओवाल्याकडचं सगळं बघितलं, त्यात स्टेज आणि जेवणाच्या पंगती होत्या. अनवाणी माणूस लग्नात कोण लक्षात ठेवतो? सगळेच अनवाणी. तशा चपला काढणारा दुसरा कुणी जगात नसेलच असंही नाही, हे मी स्वतःला रोज सांगते. अत्तींना मी काही बोलले नाही. त्यांनी तो फोटो हट्टानं भिंतीवर लावून घेतला. त्यांच्या डोळ्यांना आम्ही सगळे तसेही धुरकटच दिसतो. "छान आलाय," म्हणाल्या. "दार किती छान आलंय."

अण्णांशी मी पाच महिने बोलले नाही. एका खोलीत बसून काम करायचं आणि बोलायचं नाही हे सोपं नसतं, त्यांच्याशी मात्र सोपं गेलं. त्यांचे डोळे जायला लागलेत हे मला स्टुडिओतल्या पोरांकडून कळलं. मधलं दिसत नव्हतं, कडा दिसायच्या. समोर माणूस असला की त्याच्या दोन्ही बाजूंची भिंत दिसायची आणि माणसाच्या जागी काही नाही. त्यांनी काम सोडलं. बेळगावला पुतणीकडे जाणार म्हणाले.

जायच्या दिवशी दुपारी चारच्या सुमाराला ते आले. कपाटावरचा आईचा फोटो काढून पिशवीत ठेवला. लेन्सचा डबा माझ्या टेबलावर ठेवला आणि म्हणाले, "पुड्या महिन्याला बदला."  इतके महिने दाबून ठेवलेला राग नेमका त्याच वेळी कुठे गेला, कळलं नाही.

"थांबा, तुमचा एक फोटो काढते," मी म्हटलं.

"समोर उभारायला लाज वाटते अक्का. निघताना काढा. पाठीमागनं."

मी त्यांची लेन्स कॅमेऱ्याला लावली. ते पिशवी घेऊन दाराकडे निघाले. चालताना डाव्या हाताची बोटं टेबलाच्या कडेवरून फिरवत. या वेळी मला घाई नव्हती, मी दोन्ही रिंगा फिरवल्या. अंगण एवढं मोठं केलं की माझ्या टेबलावरच्या डब्यापासून बाहेरच्या जिन्यापर्यंत सगळं त्यात बसलं. उजेड कमी, म्हणजे फोटोला वेळ लागणार, म्हणजे त्यांनी हलायचं नाही. उंबऱ्यावर ते थांबले. माझ्यासाठीच थांबले होते, पाठ ताठ करून.

"किती?" त्यांनी मागे न बघता विचारलं.

"सोळा," मी म्हटलं. आणि बटण दाबता दाबता मी हाक मारली, "अण्णा."

ते वळले.

फोटो निघाला होता. ते काही वेळ माझ्या दिशेनं बघत राहिले, म्हणजे माझ्या दोन्ही बाजूंच्या भिंतीकडे.

"हाक मारलीत," ते म्हणाले.

"हो," मी म्हटलं. "वळलात ना."

त्यांनी मान हलवली, हो म्हणून का नाही म्हणून, कळलं नाही. मग कठड्याला धरून एकेक पायरी मोजत खाली गेले. अडीच महिन्यांनी पुतणीचा फोन आला.

तो फोटो आता कपाटावर आहे, त्यांच्या आईच्या फोटोच्या खिळ्याला. डब्याचं झाकण, टेबलाची कड, दाराची कडी, जिन्याचा कठडा, सगळं लख्ख आलंय. फक्त मध्ये पांढऱ्या बुशशर्टच्या वर चेहऱ्याच्या जागी पुसल्यासारखा एक डाग आहे. नवीन गिऱ्हाइकं विचारतात, हा खराब झालेला फोटो का लावलाय? मी सांगते, खराब नाही, त्यांना हाक मारली होती.